एक वर, एक पोटात

माझा जावई क्विंटन कॉर्नफ्लेक्सचा डबासुद्धा मागून-पुढून वाचल्याशिवाय खात नाही. कॅलिस्पेल गावच्या शाळेत भूगोल शिकवतो. मी ओपल, पाचवीतच शाळेला रामराम ठोकलेली बाई, त्यामुळे आमचं दोघांचं कसं जमत असेल ते तुम्हीच समजा.

हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा तो शेवटचा रविवार. क्विंटनच्या परवान्यावर अजून एकही हरीण नव्हतं आणि माझ्या फ्रीजरमध्ये बर्फाशिवाय काही नव्हतं. माझी मुलगी डार्ला हॉस्पिटलात कामावर गेलेली. हा सकाळीच माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला, हातात कसलंसं माहितीपत्रक.

"आई, तुमच्या कार्बाइन बंदुकीला दीडशे ग्रेन वजनाची गोळी घेऊ की एकशे सत्तरची? दीडशेची लांब जाते म्हणतात."

"लांब कुठे जायचंय तिला? कॅनडात? आपल्या रानात ऐंशी पावलांपुढे झाडंच झाडं. एकशे सत्तरची घ्यायची, जड आणि चपट्या नाकाची. फांदीबिंदीला घाबरत नाही आणि बसली की बसली."

"मग दुकान उघडलं की—"

"दुकान कशाला? हार्लननं हातानं भरून ठेवलेली काडतुसं आहेत फडताळात."

हार्लन माझा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली, पण त्याची काडतुसं अजून लोण्याच्या रिकाम्या डब्यांतून भरलेली आहेत. मी हात वर घातला, हाताला लागला तो डबा काढला आणि याच्यापुढे आदळला. यानं झाकण उघडलं, आत बघितलं, तोंड उघडलं.

"काय?"

"काही नाही, आई."

"मग निघा की, जावईबापू! हरीण काय तुमच्यासाठी मुहूर्त काढून बसलंय?"

गेला बिचारा.

तासाभरानं फडताळाचं दार नीट लागेना म्हणून मी आत हात घातला. मागे आणखी एक डबा. तसाच, त्याच लोण्याचा. उघडला तर आत काडतुसं, आणि सगळ्यांची नाकं चपटी.

म्हणजे मी दिली ती दुसरी, टोकदार नाकाची!

आमची कार्बाइन दांडा ओढून चालवायची, जुन्या चालीची. तिच्या पोटात, बार उडतो त्या वरच्या नळीखाली, आणखी एक नळी असते. काडतुसं तिच्यात एकामागे एक आडवी झोपतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. आणि त्या बुडातच ती इवलीशी टोपी, जिच्यावर ठोका पडला की बार उडतो. नाक चपटं असेल तर काही होत नाही. टोकदार असेल तर बंदुकीच्या पहिल्याच झटक्याला ते टोक खिळ्यासारखं टोपीत घुसायचं, आणि बार उडायचा तो पोटातल्या नळीत, धरणाऱ्याच्या डाव्या पंजाखाली. पलीकडच्या ओढ्यावरच्या थोरल्या टॉर्गरसनची दोन बोटं अशीच गेली. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी, जी सगळ्या गावाला शहाणपण वाटत फिरते, मी जावयाच्या हातात तो डबा दिला. का, तर चष्मा लावला की म्हातारी दिसते म्हणून.

टोकदार गोळ्या हार्लननं कुठल्याशा लिलावात गोणीच्या भावानं उचललेल्या. म्हणायचा, "फुकट कशाला घालवायच्या?" कवडीचुंबक मेला!

डोंगरात फोन लागत नाही. ॲप्रनवरच हार्लनची शिकारीची नारिंगी बंडी चढवली आणि पिकअप काढली. बर्फात दोनदा घसरले. काच खाली ठेवली होती, कान बाहेर. लाकूडतोड्यांची वाट संपते तिथे पोचते न पोचते तोच एक बार ऐकू आला.

एकच. पुढे चिडीचूप.

देवाला मी सहसा त्रास देत नाही. त्या दिवशी दिला. त्याच्या बुटांच्या ठशांवरून धावले, म्हणजे माझे गुडघे जेवढं धावू देतात तेवढं. वळणापलीकडे तो दिसला. गुडघे टेकून वाकलेला, पाठ माझ्याकडे, आणि हात कोपरापर्यंत लाल.

"क्विंटन! हात दाखव!"

तो दचकून वळला. "आई? तुम्ही इथे?"

"हात दाखव म्हणते ना! दोन्ही! बोटं मोज!"

"दहा आहेत," तो म्हणाला, आणि बाजूला सरकला. मागे हरीण पडलेलं, चांगलं आठ टोकी शिंगांचं. तो ते साफ करत बसला होता. "रक्त याचं आहे, आई."

मी झाडाला टेकलेली बंदूक उचलली, तोंड डोंगराकडे केलं, दांडा ओढला. एक काडतूस उडून बर्फात पडलं. पुन्हा ओढला. काही नाही. रिकामी.

"बस? दोनच भरलीस?"

"एक वर, एक पोटात," तो म्हणाला. "पोटात एकटंच असलं की त्याचं टोक कुणाच्या बुडाला लागणार? डब्यात चिठ्ठी होती ना."

"मग सकाळी बोलला का नाहीस, मुडद्या?"

"तुम्ही हातात दिलेली वस्तू परत करायची कुणाची छाती आहे, आई? डार्लाचीसुद्धा नाही."

मी चिठ्ठी मागितली. त्यानं रक्ताचा हात पँटला पुसून खिशातून काढली. हार्लनची पेन्सिल लगेच ओळखली, पण चष्म्यावाचून अक्षरं नाचत होती.

"वाच."

"राहू द्या ना."

"वाच! मोठ्यानं!"

त्यानं घसा खाकरला. "'टोकदार. एक वर, एक पोटात. तिसरं भरू नये. हा डबा ओपलच्या हाती लागू देऊ नये. ती वाचत नाही.'"

मी बर्फात बसकण मारली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. क्विंटनला आधी वाटलं सासूला काही झालं. मग तोही हसायला लागला, तसाच, रक्ताळलेल्या हातांनी.

हरीण दोघांनी ओढत गाडीपर्यंत आणलं. संध्याकाळी काळीज कांद्यावर परतलं आणि पहिला तुकडा त्याच्या ताटात घातला. त्यानं न वाचता खाल्ला.

दुसऱ्या दिवशी टोकदारांच्या डब्याला लाल रंग फासला. रंग वाचावा लागत नाही. क्विंटन शेजारी उभा होता.

"वर काही लिहू का, आई?"

"लिही," म्हटलं. "मोठ्या अक्षरात लिही. आणि माझा तो चष्मा दे इकडे, बरोबर लिहितोस का बघते."