बसून कापलेलं कापड

तिच्या ओटीपोटाच्या ऑपरेशनला चौदा महिने झाले होते आणि आईला जाऊन तीन. दवाखान्यात एकटीने जायची ही तिची पहिलीच खेप.

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात ती कापड कापायची आणि समोर बसून आई काजं-बटणं करायची. कापणारा माणूस उभाच असतो. बसून कात्री चालवली की हात पुरत नाही, कापड सरकतं. त्यामुळे तिने स्टूल ओढलं की आई मान वर न करता ओळखायची, आज पोट दुखतंय. बोलायची काही नाही. गरम पाण्याची पिशवी आणून तिच्या मांडीवर ठेवायची आणि पुन्हा सुईत दोरा ओवायची.

डॉक्टरांपुढे मात्र आईच्या तोंडाला खळ नसायचा. कसं आहे, असं विचारल्यावर मुलगी म्हणायची, ठीक आहे. की लगेच शेजारून आई सुरू: ठीक कसलं, डॉक्टरबाई, मंगळवारी दुपारपासून बसून कापत होती, बुधवारी जेवणाला हात लावला नाही, संडासात भिंत धरून बसते. मुलगी शरमेने टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहायची. बाहेर आल्यावर दोघींचं वाजायचं.

"अगं, चार तास उभं राहून ऑपरेशन केलंय त्यांनी. अजून दुखतंय म्हणून त्यांच्याच तोंडावर कसं सांगायचं?"

"तू नको सांगूस. तू मुलाहिजा सांभाळ, मी आहे सांगायला."

गोळ्या दोनदा बदलल्या, त्या आईच्या या बोलण्यामुळेच.

आई गेल्यावर स्टूल कापायच्या टेबलापासून हललंच नाही, ती रोजच बसून कापू लागली. बसून कापलेल्या एका कोटाच्या बाह्या लहानमोठ्या निघाल्या. मास्तरांनी त्या समोरासमोर धरल्या आणि गिऱ्हाइकाचा एक हात लांब आहे का, एवढंच विचारलं. मग स्वतःच नवं कापड काढून दिलं. त्यांच्या न रागावण्याचीच तिला धास्ती वाटली. असं किती दिवस सांभाळून घेणार?

आज दवाखान्यात, आई गेल्याचं ऐकल्यावर डॉक्टरबाईंनी आधी तिला खुर्ची पुढे केली. मग फाईल उघडून विचारलं, कसं आहे.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि सवयीने थांबली.

शेजारून कोणी बोललं नाही. डॉक्टरबाईंनी पेन उचललं. त्याच गोळ्या, सहा महिन्यांनी दाखवा, असं त्या लिहू लागल्या.

"ठीक नाही."

आवाज तिला स्वतःलाच चढा वाटला. पण मग थांबता येईना. कोणत्या वारी बसून कापलं, किती रात्री कुशीवर वळता आलं नाही, बाह्यांचं काय झालं, भिंतीचं काय, सगळं तिने आईसारखं वारानिशी सांगितलं. पेपरवेटला हातही लावला नाही.

डॉक्टरबाईंनी आधीचं लिहिलेलं खोडलं.

"दुखणं उरलं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. तुम्ही कुठे कमी पडलात असं तर मुळीच नाही. हा आजार चिवट आहे, पण सांगितलंत तर मला काहीतरी करता येईल." मग त्या जराशा हसल्या. "तुमच्या आईंनी माझा मुलाहिजा कधी ठेवला नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच तपासणीला, तुम्ही पडद्याआड होतात तेव्हा म्हणाल्या होत्या, शिवण तुमची सुरेख आहे, डॉक्टरबाई, पण आतलं माप एकदा पुन्हा घ्या."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. तीन महिन्यांत आईचं एकही नवं वाक्य तिच्या कानावर पडलं नव्हतं.

गोळी बदलली. दुखण्याच्या धाकाने ओटीपोटाचे स्नायू आखडून बसतात, ते सैल करायला शिकवणाऱ्या बाईंकडे चिठ्ठी मिळाली. नोंदणीच्या खिडकीवर तिने वेळ विचारली: दर मंगळवारी अकरा, तीन महिने. ऐन कामाची वेळ. एरवी तिने मान हलवून, बघते, असं म्हटलं असतं. आज तिने वेळ पक्की केली आणि तिथूनच मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, मंगळवारी सकाळी मला सुट्टी मिळेल का, म्हणजे तुमची अडचण होणार असेल तर..."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

"तुझ्या आईने मला उभ्या जन्मात सुट्टी विचारली नाही. नुसतं सांगायची. तू कुणाची गं?"

"मंगळवारी सकाळी मी येणार नाही," ती म्हणाली.

"बरं," मास्तर म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू झालं.