मागच्या सीटवरचा धूर

निमोण्याच्या हौसरावांकडे होती तशी काळी विलायती गाडी अख्ख्या तालुक्यात दुसरी नव्हती. लाकडी डॅशबोर्ड, कातडी सीटा, आणि चालू आहे की बंद हे कळू नये असं इंजिन. पण हल्ली ती ट्रॅक्टरसारखी फडफडत होती आणि मागं बसणाऱ्याचं डोकं धुरानं भणभणत होतं. सायलेन्सर नवा टाकूनही उपयोग झाला नव्हता.

उद्या नात अनुपमाचं दौंडला लग्न. नवरी याच गाडीतून न्यायची, हे हौसरावांनी ती पाळण्यात असतानाच ठरवलेलं.

"आबा, पोरगी दौंडला पोचेस्तवर चक्कर येऊन पडंल," मुलगा सत्यजीत म्हणाला. "पुण्याहून गाडी मागवतो."

"दिवस मावळेपर्यंत थांब."

तेवढ्यात हळदीची पिवळी साडी खोचून अनुपमाच आली. गाडी दुरुस्त करणाऱ्या आजोबांच्या हातात पाने-पकडी देत ती लहानाची मोठी झाली होती.

"हळद लागल्यावर गाडीखाली शिरतीस व्हय?" आजी सरूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "सासरची म्हंतील, नवरी केली का फिटर?"

"दोन्ही मिळालं म्हणा की."

तिनं आजोबांना गाडी चालू करायला लावलं आणि धुराच्या मागच्या नळीवर ओलं पोतं दाबून धरलं. मागची वाट बंद होताच पुढं इंजिनापाशी फुसफुस सुरू झाली.

"सायलेन्सरचा दोष न्हाई, आबा. पुढच्या जॉइंटला काजळी बघा."

तिथं सांध्यात बसणारं गास्केट जळालं होतं. इंजिन निवल्यावर आजोबा-नातीनं नवं कापून बसवलं. फडफड थांबली, पण मागच्या सीटवर धुराचा वास होताच.

हौसराव खाली बसले. आपल्या हौसेपायी नातीच्या जिवाशी खेळ नको. "सांग पुण्याला," ते हळूच म्हणाले.

सत्यजीतनं फोन काढला. अनुपमानं मात्र मागची सीटच उचलली. खाली पत्र्याला अंगठ्याएवढी चार भोकं होती. नळीतून बाहेर पडलेला धूर तिथूनच आत यायचा.

"ही कुणी पाडली?"

सत्यजीतनं फोन खिशात घातला. "कारखान्याची निवडणूक जिंकलो तवा... मिरवणुकीला डीजेच्या वायरी हितनं घेतल्या होत्या."

"चेअरमनसाहेब, पत्रा कापून आणा," हौसराव म्हणाले. सरूबाईंनाही हसू आवरेना.

पत्र्याखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर घालून अनुपमानं भोकं पक्की बुजवली. मग काचा वर करून हौसराव मागं बसले, आयुष्यात पहिल्यांदाच. न्हावऱ्याच्या फाट्यापर्यंत ते नाक ताणून वास घेत राहिले. कातड्याचा आला, हळदीचा आला, धुराचा नाही.

फाट्यावरच्या चहावाल्या बन्सीनं वाकून पाहिलं. "आज मागं, आबा? ड्रायव्हर कोण ठेवला?"

हौसरावांनी काच खाली केली. "नवरी हाय आमची. गाडी बी तिनंच नीट केली." मग पुढं झुकून ते नातीला म्हणाले, "परत जाताना बाजारपेठेतनं घे. तिथं माणसं जास्त असत्यात."