बॉनेटवरचा चिकटा

बॉनेटवरचा पांढुरका चिकटा काही केल्या निघेना. वहिनीने कपडा पालटून पुन्हा पुसलं. कपडा अडखळत सरकला आणि पॉलिशच्या पेस्टचे बारीक गोळे करून तिथेच सोडून आला. काळ्या रंगावर कुणी नुकतंच खोडरबर घासून उठावं तसं दिसत होतं.

गॅरेजात तिला सगळे वहिनीच म्हणत. गॅरेज धाकट्या दिराचं, म्हणून आधी तो म्हणायचा, मग कारागीर म्हणू लागले, आता गिऱ्हाइकंसुद्धा. सुरुवातीला ती गाड्या आतून झाडायची, काचा पुसायची. पॉलिशचं मशीन हातात आलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

"वहिनी, डॉक्टरीणबाई संध्याकाळी गाडी न्यायला येतायत," दीर केबिनच्या दारातून म्हणाला. "तुम्ही अजून बॉनेटवरच?"

"पेस्ट धरून बसतेय भाऊजी. सुटतच नाही."

"जास्त घेतली असेल. आणि मशीन जरा हळू चालवा. हल्ली घाई होते तुमची."

जास्त घेतली नव्हती, घाईही केली नव्हती. पण ती वाद घालत बसली नाही. मशीनचं पॅड पेस्टने भरलं असेल म्हणून ब्रशने झाडलं, मग सरळ नवंच लावलं. मशीनचा वेग उतरवला. पत्रा तापला की पेस्ट सुकून बसते, म्हणून गाडी ढकलत सावलीत आणली आणि पालथा हात ठेवून पाहिला; पत्रा गार होता. वर काही तेलकट राहिलं असेल म्हणून स्पिरिटने पुसून घेतलं. पेस्टची बाटलीसुद्धा दुसरी फोडली. बॉनेट जैसे थे.

शेवटी तिने तेच पॅड, तीच पेस्ट घेऊन दारावर मशीन फिरवलं. कपड्याच्या एका हातासरशी दार असं लख्ख झालं, की तिला त्यात आपल्या कपाळावरचा घाम दिसला.

ती मशीन बंद करून उभी राहिली. दार कारखान्यातून आलेलं होतं. बॉनेट मात्र गेल्या आठवड्यात इथेच, याच गॅरेजात रंगवलेलं. तिने बॉनेट उचललं आणि आतल्या कडेला, जिथे कुणी बघत नाही, अंगठ्याचं नख दाबलं. नखाची कोर उमटली आणि तशीच राहिली. रंग आतून ओलाच होता.

असा ठसा तिने पूर्वी पाहिला होता.

तेव्हा रंगकाम तिचा नवरा करायचा. गॅरेज दोघा भावांनी मिळून काढलेलं. धाकट्याने गिऱ्हाईक सांभाळायचं, थोरल्याने गाड्या. त्याने रंगवलेलं दार कोणतं आणि मूळचं कोणतं, हे भल्याभल्यांना ओळखता येत नसे. मग काय झालं कोण जाणे, गाड्या परत येऊ लागल्या. चमक उतरते, बोट लावलं की डाग पडतो. एकाने तर भर गॅरेजात दारावर अंगठा दाबला आणि विचारलं, "रंग मारलाय की लोणी फासलंय?" सगळे हसले. धाकट्याने हात जोडले. "माफ करा साहेब, दादाचा हात गेलाय आता." थोरला तेव्हा रंगाची गन धूत होता. त्याने ती नीट धुतली, पुसली, खिळ्याला अडकवली आणि घरी आला. परत गेलाच नाही.

आणि तिने घरात काय कमी छळलं होतं? लक्ष कुठे असतं तुमचं, डोळे तपासून घ्या, हात थरथरतो तर आधी सांगायचं नाही का. पुढे पुढे तर भेटेल त्याला ती सांगू लागली, "ह्यांच्याच्याने काही होत नाही आता, म्हणून मीच जाते." आता तो कापडाच्या एका मोठ्या दुकानामागे, पार्किंगवर बसायचा. दुसऱ्यांच्या गाड्या राखायला.

ती रंगाच्या खोलीत गेली. नवा रंगारी मास्क गळ्यात अडकवून चहा पीत होता. अबोल माणूस, कुठल्याशा गॅरेजातून आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"बॉनेट वाळलं नाहीये," ती म्हणाली.

"माझं माप चुकलेलं नाही वहिनी."

"मी कुठे म्हणते चुकलं म्हणून?"

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, चहा खाली ठेवला आणि हार्डनरचा डबा तिच्यापुढे सरकवला. हे रंगात मिसळलं तरच रंग घट्ट होतो. डबा चांगल्या कंपनीचा होता, पण आतल्या कडांना साबणाच्या फेसासारखं काहीतरी पांढरं साकळलेलं.

"शेठ मागच्या खोलीतल्या जुन्या कॅनमधून यात ओततात," तो हळूच म्हणाला. "हवा लागून नासलंय ते. मी बोललो एकदा. म्हणाले, दादाच्या वेळेपासून हेच चालतंय, तू नको शिकवू."

वहिनी तो डबा घेऊन तडक केबिनमध्ये गेली. दीर फोनवर हसत बोलत होता. डबा पाहिला आणि त्याने फोन ठेवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वहिनी, तेव्हा गॅरेज कसं चाललं होतं ते तुम्हाला नाही कळायचं. एका बंद पडलेल्या दुकानाचा माल स्वस्तात मिळाला, घेतला. खराब निघाला."

"खराब निघाला तर फेकून द्यायचा."

"सगळ्याच गाड्यांना नाही होत. हवा दमट असली की जरा होतं."

"आणि ह्यांचा हात गेला म्हणून गावभर सांगितलंत!"

"गावभर तुम्ही सांगितलंत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "मी एकदाच बोललो. गिऱ्हाईक अंगावर आलं होतं म्हणून. आणि दादाला सगळं ठाऊक होतं. जाऊन विचारा."

ती दाराकडे वळली.

"बॉनेटवर जाडसर मेण चढवा," तो फोन उचलत म्हणाला. "थोडे दिवस काही दिसत नाही."

डबा त्याच्या काचेच्या टेबलावर आपटावा असं तिला वाटलं. पण घर याच कामावर चाललं होतं. तिने डबा रंगाऱ्याला नेऊन दिला आणि मेणाची डबी उघडली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. बॉनेटवर वाकून त्यांनी केस सारखे केले आणि हसल्या. "काय हात आहे हो तुमचा!" वहिनी कपड्याच्या घड्या घालत राहिली.

तिथून ती घरी न जाता पार्किंगवर गेली. नवरा प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. तिला बघून उठला.

"इकडे कशी?"

"हार्डनर नासका होता," ती म्हणाली.

"कुठला रंग होता?" त्याने विचारलं.

"काळा."

"काळ्यावर लगेच दिसतं."

"तुम्हाला माहीत होतं."

"डबा उघडला की कळायचंच. धाकट्याला बोललो होतो. रडला. म्हणाला, एवढा माल संपू दे, नाहीतर गॅरेज जाईल. मग त्या दिवशी चारचौघांत तसं बोलला. मला वाटलं, रात्री तरी घरी येईल. नाही आला."

"आणि मी? मला तरी सांगायचं होतं."

"तू विचारलंस कुठे?" त्याच्या बोलण्यात धार नव्हती. "खरंच हात गेला का, एवढं एकदा विचारलं असतंस. डोळे तपासा म्हणालीस. मी तपासून आलो, चांगले निघाले. तसं सांगितलं तर म्हणालीस, डॉक्टर बदला."

तिला आठवलं. भाजी चिरताना, मान वर न करता ती तसं म्हणाली होती.

"बॉनेटचं काय केलंस मग?"

"मेण लावलं."

"आणि गाडी दिली?"

"दिली."

"हं," तो म्हणाला. त्यात थोडा राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

फाटकाशी एक गाडी येऊन थांबली. तो साखळी काढायला गेला. त्या गाडीला जागा दाखवून, चिठ्ठी देऊन परत आला, तेव्हा ती त्याच्या खुर्चीत बसली होती, पदर तोंडाला लावून. त्याला बघून ती उठू लागली.

"बस," तो म्हणाला.

दुसरी खुर्ची तिथे नव्हती. दुकान बंद होईपर्यंत तो तिच्याशेजारी उभा राहिला, गाड्या येत-जात राहिल्या.