तिच्या हातचा ब्रेक

"कारखान्यात होता का कधी कामाला? गिरणीत, पत्र्याच्या कारखान्यात, कुठंही?" छातीचा फोटो उजेडावर धरून डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"मी? छे हो. मी आपली घरीच." काकू म्हणाल्या. एवढे बोलायलाही त्यांना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला.

"मग घरात कुणी?"

"हे पाण्याच्या पंपावर होते. आता रिटायर झाले. घरी जुन्या फटफट्या दुरुस्त करत बसतात, तेवढंच."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच काकूंच्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे नीट पाहिले. त्यांच्या नखांतल्या काळ्या रेषांकडे पाहिले. "ब्रेकचं कामही घरीच करता?"

"कधीमधी," फटफटीवाले म्हणाले.

नर्स काकूंना हाताला धरून फुंकायच्या यंत्राकडे घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये, म्हणजे चाकाला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीत, ॲस्बेस्टॉस असायचे. त्याची धूळ छातीत गेली की तिथेच मुक्काम ठोकते, वर्षानुवर्षे गप्प राहते आणि डोके वर काढते तेव्हा फारसे काही हातात उरलेले नसते. हे सगळे त्यांनी शांतपणे, पुन्हा सांगावे लागू नये अशा बेताने सांगितले. मग विचारले, "तुम्हाला स्वतःला काही त्रास? खोकला, धाप?"

"नाही," ते म्हणाले, आणि ते सांगताना त्यांना चोरी पकडली गेल्यासारखी लाज वाटली.

"तिच्याकडे किती वेळ आहे?"

"महिने. वर्ष म्हणायचं धाडस मी करणार नाही."

गल्लीत त्यांना सगळे फटफटीवाले म्हणत आणि ओघानेच घरच्या बाई काकू झाल्या. पंपावरची नोकरी त्यांनी इमानाने केली, पण जीव सगळा घरातल्या मधल्या खोलीत. लग्न होऊन आल्या तेव्हा काकूंनी त्या खोलीत एक कपाट आणि शिवणयंत्र ठेवायचे मनात धरले होते. पहिल्याच महिन्यात तिथे भंगारातून आणलेला एक सांगाडा येऊन उभा राहिला, आणि मग त्या खोलीने दुसरे काही पाहिलेच नाही. टाकी पलंगाखाली, इंजिन खिडकीखाली, चेन रॉकेलच्या डब्यात. "सवत आणली असती तर तिला निदान भांडी तरी घासायला लावली असती," असे काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगताना हसत. मग स्वतःच दाराशी जाऊन त्या सवतीचे भाग पुसत बसत.

आणि एक काम त्यांनी हळूहळू आपल्याकडेच घेतले. नवे लायनर जाड येतात. ब्रेकशूच्या कमानीवर ते बसवले की चाकाच्या ड्रमच्या गोलाईला तंतोतंत भिडत नाहीत. मग ड्रमला आतून खडू लावायचा, शू आत घालून चाक फिरवायचे, आणि लायनरवर जिथे खडू उमटेल तेवढेच पॉलिश पेपरने घासायचे. पुन्हा खडू, पुन्हा घासणे. फटफटीवाल्यांना तेवढा धीर नव्हता. ते एका बाजूने जास्त घासून ठेवत आणि ब्रेक गल्लीभर किंचाळे. काकू मागच्या दाराच्या पायरीवर बसत, शू मांडीवर घेत, चार वेळा पेपर फिरवला की तोंडाने फुंकर मारून धूळ उडवत आणि बोट फिरवून पाहत. त्यांनी घासलेला ब्रेक लोण्यात सुरी जावी तसा लागे. दुरून जुन्या गाड्या घेऊन येणारे शौकीन लोक सांगून ठेवत, "ब्रेक मात्र काकूंच्या हातचा हवा." फटफटीवाल्यांची मान तेव्हा अशी ताठ होई, की जणू ते कसब त्यांनीच जन्माला घातले.

घरचा एक नियमही होता. गाडी पुरी झाली की पहिल्या फेरीला मागे काकू बसायच्या. ब्रेक जिने घासला तिनेच भरवशाला बसायचे, असे त्यांचेच म्हणणे. नळाच्या टाकीपर्यंत जायचे, उतारावर ब्रेक मारून पाहायचा आणि परत यायचे. फिरायला म्हणून त्या दोघांचे जे काही जाणे झाले, ते एवढेच.

पुढे बाजारात नव्या तऱ्हेचे लायनर आले. खोक्यावर ठळक छापलेले असे की यात ॲस्बेस्टॉस नाही. फटफटीवाले ते वाचून दुकानदाराला म्हणत, "म्हणजे पकडही नाही. जुना माल असेल तर दाखव." जुना माल बंद होणार असे कानावर आले तेव्हा त्यांनी कुठून कुठून शोधून एक पत्र्याची पेटी भरून लायनर आणले. जुन्या गाडीला जुनाच माल, यावर ते अडून बसणारे. तो शब्द त्यांनी शंभरदा वाचला होता. तो कशासाठी छापलाय, हे एकदाही कुणाला विचारावेसे वाटले नाही. दवाखान्यातून परतताना रिक्षात काकूंचे डोके त्यांच्या खांद्यावर टेकले होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खोक्यावरची तीच अक्षरे नाचत होती.

घरी आल्यावर त्यांनी पेटीला कुलूप लावले. मागची पायरी ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा पुसली. मधल्या खोलीचे दार ओढून घेतले.

खोलीत तेव्हा साइडकारवाली गाडी उभी होती. ती कुणा गिऱ्हाइकाची नव्हती. काकूंचे गुडघे मागच्या सीटवर चढू देईनात, तेव्हा त्यांनीच एकदा म्हटले होते, "मला बाजूला एक बैठक करून द्या. राणीसारखी पाय पसरून बसेन." फटफटीवाल्यांनी जुन्या पाइपांची चौकट जोडली, पत्रा ठोकून बैठकीला आकार दिला, काकूंच्या आवडीचा गडद हिरवा रंग चढवला. ब्रेक तेवढे राहिले होते. ब्रेक लागले की गाडी रस्त्यावर. आणि तिथेच त्यांचा हात अडला.

मुलगी सासरहून राहायला आली होती. हवेचे यंत्र, औषधे, आईची अंघोळ, सगळे तिने अंगावर घेतले. काही दिवस पाहून एका सकाळी तिने बापाला ओट्याशी गाठले. "बाबा, आई रोज विचारते, गाडी कुठवर आली. तुम्ही त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही. झालंय काय?"

"एक भाग मिळत नाहीये."

"कुठला? मी आणते."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"मला गाडीतलं नसेल कळत. आईचं कळतं ना? काल खाटेवरून खुर्चीत येईपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. अजून किती थांबायचंय तुम्हाला?"

फटफटीवाले कप विसळत राहिले. तो कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

त्या दुपारी मुलगी औषधे आणायला गेली. काकू मागच्या दाराशी खुर्चीत होत्या, नाकाला नळी, पायाशी घुरघुरणारे यंत्र. त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, ब्रेकशू आणा इकडे. पॉलिश पेपर आणा. हात चालतायत माझे अजून."

"नको."

"का नको?"

"दमशील."

"पेटीला कुलूप का लावलंय?"

 काकूंनी श्वास गोळा केला. त्यांना आता वाक्य बोलायचे म्हणजे जिना चढल्यासारखे होई.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीच कळलं. डॉक्टरीणबाईंनी ब्रेकचं विचारलं आणि तुम्ही म्हणालात, कधीमधी. अहो, ब्रेकचा विषय निघाला की तुम्हाला जेवणावरून उठवावं लागतं. परक्या माणसाला तुम्ही तासभर पिडता. आणि तिथं एकच शब्द? तेव्हाच म्हटलं, मेलं काहीतरी त्यातच आहे."

फटफटीवाले पायरीवर बसले.  "मी आणली ती पेटी," ते म्हणाले. "नवा माल दुकानात होता गं. खोक्यावर लिहिलेलं होतं. मी हसलो त्याच्यावर. मी तुला—"  साठी उलटलेला तो माणूस गुडघ्यांत तोंड घालून रडला, आणि काकूंनी त्याला रडू दिले.

"राग आलाय मला," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे कळतंय, तरी येतो. रात्री जाग आली की तुम्ही घोरत असता. कसा छान श्वास चालतो तुमचा. तेव्हा उशी फेकून मारावीशी वाटते."

"मारायची."

"तेवढी ताकद हवी ना." त्यांनी नाकाची नळी सारखी केली. यंत्र घुरघुरत राहिले. "पण तो राग घेऊन मला या खुर्चीत मरायचं नाही. नळाच्या टाकीपर्यंत न्या मला. नवा माल घाला, पकड नसली तर नसू दे. पण गाडी पुरी करा."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. दुकानदाराने सवयीने विचारले, "काका, जुना शोधू का मागे?" फटफटीवाले "नको" म्हणाले, ते इतक्या मोठ्याने की शेजारच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिले. नवे लायनर त्यांनी आणले तसेच बसवले. खडू लावला नाही, पेपर फिरवला नाही. त्या घरात घासायचे काम ते पुन्हा कुणाच्या हातून होऊ देणार नव्हते, स्वतःच्याही नाही.

फेरी सकाळी निघाली. मुलीने आईला शालीत गुंडाळून हिरव्या बैठकीत बसवले, हवेचे छोटे नळकांडे पायांमध्ये ठेवला, आणि स्वतः स्कूटरवर मागे राहिली. फटफटीवाल्यांनी किक मारली. इंजिनाने लगेच ठेका धरला. गल्ली दारांत येऊन उभी राहिली. 

पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला, आणि ब्रेक असा किंचाळला की तारेवरचे पक्षी उडाले.

काकू हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आले, तरी हसू थांबेना. "लाज आणलीत!" त्या ओरडल्या, म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला. "लोक म्हणतील, काकूंच्या हातचा ब्रेक! परत गेल्यावर घासून देते."

"दे," फटफटीवाले म्हणाले. समोरचा रस्ता त्यांना धूसर दिसत होता.

टाकीपाशी गाडी थांबवून ते दोघे बराच वेळ बसले. काय बोलले ते मुलीला ऐकू आले नाही. उतारावर ब्रेक पुन्हा किंचाळला आणि काकूंनी बैठकीच्या कडेवर थाप मारून नवऱ्याला खूण केली, की धरतोय, ठीक आहे, चला.

दुसरी फेरी झाली नाही. काकू गेल्या तेव्हा मुलगी उशाशी होती आणि फटफटीवाले पायाशी, त्यांचे तळवे हातांत धरून. खोलीत दिवसभर चाललेले यंत्र बंद केल्यावर जी शांतता झाली, ती त्यांना ऐकवेना. ते उठून मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

पेटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारून, त्या म्हणाल्या तशी प्लॅस्टिकात बांधून, घातक कचरा घेतात तिथे नेऊन दिली. मधली खोली रिकामी केली. एकच गाडी ठेवली. रोज सकाळी ते ती काढतात आणि नळाच्या टाकीपर्यंत जाऊन येतात. बाजूच्या बैठकीत शाल घडी करून ठेवलेली असते. गल्लीला आता घड्याळ लागत नाही. वळणावर ब्रेक किंचाळला की मुलांना उठवायची वेळ झाली.

मध्यंतरी त्यांच्याकडून गाडी करून घेतलेला एक जुना शौकीन भेटायला आला. वळणावरचा आवाज त्याने ऐकला होता. त्याला राहवले नाही.

"काका, तुमच्या गाडीला असा आवाज? चार वेळा पेपर मारला की जाईल हो. मी देऊ का मारून?"

"नको," फटफटीवाले म्हणाले. "या घरात ते काम तिचं."

पाहुणा गेल्यावर त्यांनी बादलीत फडके बुडवले, पिळले, आणि मागची पायरी पुसायला बसले.