ठकुराइनीची ओटी

बापूसाहेबांना शहराबाहेर, गढ्याच्या वस्तीपलीकडे बंगला मिळाला म्हणजे नेमकं काय मिळालं, तर तीन बाजूंना काळा खडक, चौथ्या बाजूला शेजारचे ठाकूर, आणि मधोमध एक कौलारू घर. कचेरीतल्या कोणीतरी त्यांच्या कानात शुद्ध हवेचं वारं भरलं आणि शहरातली कमानिया गेटजवळची बऱ्यापैकी बिऱ्हाडाची जागा सोडून सगळं चंबूगबाळं इकडे आलं. पहिल्या दिवशी त्यांची बायको, म्हणजे कुंदाची आई, कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “काहो, तुम्ही घर पाहून आले होते का किल्ला?”

“हवा बघ, हवा!” बापूसाहेब छाती फुगवून म्हणाले.

“हवा पिऊन पोरगी मोठी करता का? विहीर कुठं हाय?”

विहीर नव्हती. त्या खडकात विहीर खणायला आलेल्यांच्या कुदळी मोडल्या, माणसं हात जोडून परत गेली. अंगणात होतं ते जुनं दगडी टाकं. पावसाळ्यात दोन्ही घरांच्या कौलांवरचं पाणी पन्हाळीतून त्यात उतरायचं आणि तेच उन्हाळा सरेपर्यंत दोन्ही घरांनी प्यायचं. पाण्याला चिंचेच्या पाल्याची चव होती. बापूसाहेब त्याला आकाशगंगा म्हणत. आई म्हणे, “तुमच्या आकाशगंगेत बेडूक पोहून राहिला, त्याले आधी काढा.”

टाकं इकडे होतं, पण रस्ता तिकडे होता. सडकेवर जायचं तर ठाकुरांच्या अंगणातूनच जावं लागे, आणि दोन अंगणांच्या मधल्या फाटकाची कडी ठाकुरांच्या बाजूला. म्हणजे ठाकुरांची तहान बापूसाहेबांच्या हाती आणि बापूसाहेबांचे पाय ठाकुरांच्या हाती, असा तो कारभार. आधीच्या मालकांनी तो गुण्यागोविंदानं चालवला होता म्हणतात. त्यांच्यात बहुधा बायका नसाव्यात, असं बापूसाहेबांचं मत. अर्थात हे ते हळू आवाजात सांगत.

कुंदाला मात्र रस्ता रोज लागायचा. सकाळी नन्हेमियाँचा टांगा सडकेवर येऊन घंटी वाजवी आणि कुंदा दप्तर छातीशी धरून ठाकुरांच्या अंगणातून धूम पळे. यंदा तिची मिडल शाळेची शेवटची परीक्षा होती. वर्ध्याहून मामानं एक स्थळ आणून ठेवलं होतं: मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये, नाक सरळ, शेती कोरडवाहू. बापूसाहेबांनी मध्यममार्ग काढला होता. “मिडल पास झालीस तर पुढं शिक. परीक्षेला बसायचं राहिलं तर मग वर्धा.” कुंदानं त्या क्षणापासून वर्ध्याच्या नाकाचा धसका घेतला आणि भूगोल पाठ करायला लागली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आईनं चैत्रातलं हळदीकुंकू केलं. नवी जागा, नवे शेजारी. ओळख व्हायला हवी. कैरीची डाळ झाली, टाक्याच्या पाण्यात गूळ विरघळवून पन्हं झालं, हरभरे भिजले. ठकुराइन आपल्या सुनेला, विनताला, घेऊन आली. ठकुराइन म्हणजे भरभक्कम बाई, नाकात नथीऐवजी सोन्याची मोठी लवंग, केस पांढरे, सहा नातवंडांची आजी. चालताना तिच्या पैंजणांनी जमीन दबकून असे.

आईनं तिला चौरंगावर बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं, मनगटावर अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. ठकुराइन खूष! “वाह दुलहिन, बड़ा मान करती हो तुम लोग!” मग आई वाकली, ठकुराइनीचा पदर आपल्या हातानं पसरला, त्यात नारळ ठेवला आणि ओंजळभर भिजलेले हरभरे घातले.

ठकुराइनीनं पदराकडे पाहिलं. नारळाकडे पाहिलं. मागे विनता पदरात तोंड खुपसून खुदुखुदू हसत होती. ठकुराइनीचा चेहरा आधी पांढरा, मग जांभळा झाला. ती ताडकन उठली, नारळ गडगडत थेट पन्ह्याच्या पातेल्यापाशी गेला.

“इस उमर में हमसे ठट्ठा करती हो? सफेद बाल दिखते नहीं?”

आणि ती निघून गेली. फाटकाची कडी एवढ्या जोरात लागली की चिंचेवरचे कावळे उडाले.

आई हरभऱ्याची वाटी हातात धरून उभीच. “अवं, म्या काय केलं? सवाष्ण बाईची ओटी भरली! तिच्या माहेरी कोणी भरत नाही काय?” तिला वाईट वाटलं, मग वाईट वाटल्याचा राग आला. तिनं टाक्यावर फळ्यांचं झाकण ओढलं, त्यावर पाट टाकला आणि शेवया वळायला बसली. “घेऊन जाय म्हणा आता पाणी!”

बापूसाहेबांनी भिंतीपाशी जाऊन ठाकूरसाहेबांना हाक मारली. दोघे पुरुष भिंतीच्या अल्याडपल्याड उभे राहिले आणि अत्यंत सभ्यपणे वहिवाटीच्या हक्कावर बोलू लागले. बापूसाहेब म्हणाले, मी दावा लावीन. ठाकूरसाहेब म्हणाले, जरूर लगाइए, वकील मैं बता दूँ? दोघांचंही एका वकिलावर एकमत झालं. कुंदा मध्येच ओरडली, “बाबा, दावा निकाली लागेल तोवर मी वर्ध्याला म्हातारी झाली असेन! उद्या पेपर आहे!” पण कायद्यात रंगलेल्या माणसांना ऐकू येत नाही.

भिंतीवरून उडी मारावी, तर पलीकडे ठाकुरांचा कुत्रा शेरा. त्याला मराठी कळत नसे आणि हिंदी कळूनही तो ऐकत नसे.

दिवेलागणीला भिंतीपलीकडून बारीक आवाज आला. विनता घागर घेऊन उभी होती. “कुंदा दीदी, एक घड़ा पानी दे दो चुपके से. बच्चे रो रहे हैं.”

कुंदानं उलट्या घमेल्यावर चढून घागर घेतली. आई शेवयांवर झोपेनं पेंगत होती, झाकणाची एक फळी सरकली तरी कळलं नाही. घागर परत देताना कुंदा कुजबुजली, “भौजी, तुमच्या अम्माजी काहून एवढ्या चिडल्या हो?”

विनता पुन्हा हसू लागली. “अरे, तुम्हारी माँ ने उनकी गोद भर दी! नारियल, भीगे चने! हमारे यहाँ तो जिसके बच्चा होने वाला हो, उसी की गोद भरते हैं. पूरे मोहल्ले में अब यही चर्चा होगी. बाबूजी तब से सड़क पर नहीं निकले!”

कुंदा घमेल्यावरून पडता पडता राहिली. तिला हसू आलं, मग रडू आलं, मग डोक्यात एक गोष्ट लख्ख चमकली. अम्माजींना समजावून सांगायला जावं, तर त्या ऐकणार नाहीत. आई माफी मागेल, तर त्या तोंड फिरवतील. पण बदला घ्यायला मात्र बाई अर्ध्या रात्रीही उठून येईल, एवढं कुंदा ठकुराइनीला ओळखून होती.

सकाळी नन्हेमियाँची घंटी सडकेवर वाजली. फाटक बंदच होतं. कुंदा दप्तर पाठीला बांधून घमेल्यावर चढली आणि आवाज चढवून म्हणाली, “अम्माजी! कल आपका बड़ा अपमान हुआ!”

दातवण चावत बसलेली ठकुराइन वळली. “तो?”

“तो आप चुप बैठेंगी? आप भी हमारी आई की गोद भर दीजिए! चार लोगों के सामने! नारियल डालिए, चने डालिए. तब उन्हें पता चलेगा!”

ठकुराइनीनं दातवण फेकलं. “ए विनता! नारियल ला!”

पुढं जे झालं ते कुंदानं जवळून पाहिलं. फाटकाची कडी खडाड्कन उघडली. ठकुराइन एका हातात नारळ, दुसऱ्या हातात हरभऱ्यांनी भरलेलं सूप घेऊन रणगाड्यासारखी आत आली. मागे विनता, मागे शेरा, मागे तमाशा पाहायला ठाकूरसाहेब. आई अंगणात शेवया वाळत घालत होती. ठकुराइन तिच्यासमोर उभी राहिली, “लो दुलहिन! तुम भी लो!” असं गरजली आणि तिचा पदर हिसकून त्यात नारळ आदळला.

आईचा चेहरा असा उजळला की बापूसाहेबांनीसुद्धा चष्मा पुसला. “अगबाई! तुम्ही माझी ओटी भरायला आल्या? सकाळी सकाळी? एवढा माझा मान!” तिचे डोळे भरून आले. तिनं पदर नीट दोन्ही हातांनी धरला, “थांबा, कुंकू आणते,” म्हणाली, कुंकू न आणताच खाली वाकली आणि ठकुराइनीच्या पायांवर डोकं ठेवलं.

ठकुराइन हरभरे हातात घेऊन थिजली. जिची फजिती करायला आलो तीच पायावर! “अरे, यह क्या... तुम्हारे भी बच्चा होने वाला है क्या?”

“मले?” आई दचकून उठली. “अवं, मी चाळिशी ओलांडली! बाई, देवाची शपथ, हे मानाचं असते हो! आमच्यात माझ्या सासूची बी ओटी भरत होतो!”

ठकुराइनीनं हातातल्या हरभऱ्यांकडे पाहिलं. मग तिच्या पोटातून एक गडगडाट सुरू झाला आणि सगळ्या अंगातून हसू फुटलं. ती सूप तसंच घेऊन खाली बसली. “ए ठाकुर! सुनते हो? मानाचं था! हम तो मान में मारे गए!” ठाकूरसाहेबांनी रात्रभर खाली असलेल्या मिशीला पीळ दिला. मग दोघी बायका एकमेकींना धरून हसत राहिल्या आणि शेरा वाळत घातलेल्या शेवया खाऊ लागला.

कुंदाला यातलं पुढचं काही पाहायला वेळ नव्हता. उघड्या फाटकातून ती वाऱ्यासारखी सुटली, टांग्यात उडी मारली आणि ओरडली, “नन्हेमियाँ, दौड़ाओ! वर्धा मागे लागला आहे!”

शाळेत दुसरी घंटा होत होती. दारावर बड़ी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, उभ्या होत्या. त्यांना पाहून मुलींच्या शाईच्या दौती आपोआप झाकल्या जात.

“देर क्यों हुई?”

कुंदाला धाप लागली होती, खोटं सुचायला श्वासच नव्हता. “गोद भराई थी, बहनजी.”

“परीक्षा के दिन? किसकी?”

“पहले पड़ोस की दादी की. फिर मेरी माँ की.”

बहनजींनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, विचारायचे होते ते सगळे प्रश्न गिळले आणि दार थोडं अधिक उघडलं.

“जाओ. बैठो. लिखो,” त्या म्हणाल्या.

कुंदा बसली आणि लिहू लागली.