उजवा कल्ला

सलूनमध्ये सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उस्तादांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला ‘कसे कापू’ असं विचारायचं नाही. ‘काम काय करता?’ एवढंच विचारायचं आणि त्या कामाला शोभतील तसे कापून मोकळं व्हायचं. कुणी कुरकुर केलीच, तर “डोकं तुमचं, कात्री माझी” म्हणत मान खाली दाबायची.

आतड्याच्या ऑपरेशननंतर अशा माणसाला तरुण डॉक्टर म्हणाले, “गाठ पूर्ण काढलीय. पण शेजारच्या एका ग्रंथीत कॅन्सर पोचला होता. केमो घेतली तर तो उलटायची शक्यता कमी होते. मात्र एका इंजेक्शनाने बोटं बधिर होऊ शकतात, क्वचित कायमची. घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवायचं.”

उस्तादांनी हात खिशात घातले.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, “काय समजलं?”

“डॉक्टरांचा उजवा कल्ला डाव्यापेक्षा वर गेलाय.”

“अहो, मी आतड्याचं विचारतेय!”

“ठरवायचं ते त्यांनी. मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात वस्तरा देऊन ‘घ्या, करा तुमची तुम्ही’ म्हटलंय?”

“बोटांवर आपलं पोट आहे, हे सांगितलंत त्यांना?”

“त्यांनी विचारलं कुठे?”

दुपारी त्यांनी भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले आणि मेव्हण्याची दाढी करून बघितली. मेव्हणा हनुवटीला चिकटपट्ट्या लावून घरी गेला आणि तेव्हापासून दाढी वाढवू लागला. उस्ताद दोन घास खाऊन पानावरून उठले.

“बोटं बधिर झाली तर होऊ देत,” बायको म्हणाली. “डोकं आहेच की तसं. मला माणूस घरात हवाय.” एवढं बोलून ती नको तितका वेळ ताट घासत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने परस्पर डॉक्टरांना गाठलं. “यांचा जीव तुमच्या कल्ल्यात अडकलाय. तेवढा नीट करून घ्या, म्हणजे यांच्या कानात काहीतरी शिरेल.”

रविवारी डॉक्टर खरोखरच सलूनमध्ये हजर झाले. उस्तादांनी कापड बांधलं, फेस लावला, गळ्यावर वस्तरा टेकवला आणि म्हणाले, “आता सांगा. तुमच्या वडिलांना केमो दिली असती?”

“आधी वस्तरा...”

“हात स्थिर आहे. बोला. पुढेही राहील का, तेच तर विचारतोय.”

डॉक्टरांनी आरशात त्या बोटांकडे नीट बघितलं. “तुमचं हे काम आहे, हे आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं का नाही?”

“चुकलंच.” डॉक्टर ओठ जेमतेम हलवत बोलत होते. “वडिलांना दिली असती. पण ते हे काम करत असते, तर इंजेक्शन वगळून केमोच्या नुसत्या गोळ्या दिल्या असत्या. तळहात लाल होतील, सोलवटतील, पण ते बहुतेक भरून येतं. फायदा थोडा कमी मिळेल, हे मात्र खरं. ती तूट चालेल का, ते तुम्हीच...”

“झालं पुन्हा सुरू!” बाकावरून बायको म्हणाली.

उस्तादांनी वस्तरा पुसला. “गोळ्या घेतो,” ते म्हणाले. “लिहून द्या.”

बायकोने पदराने नाक पुसलं आणि पंखा फार जोरात आहे म्हणून तक्रार केली.

मग उस्तादांनी कात्री उचलली, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला विचारलं, “डावा वर घेतला तर आज बरोबर दिसेल. थांबलो तर उजवा आपोआप वाढेल. काय करू?”

“दोन्हींत फायदे-तोटे आहेत,” डॉक्टर डोळे मिटून म्हणाले. “ठरवायचं तुम्ही.”

“मान खाली,” उस्ताद म्हणाले, आणि दाबलीच.