एका पाखराची दोन पाखरं

मित्रांनो, तोंड मिटून बसलं की चूकही मिटते, असं समजणारी माणसं असतात. आमच्या घरचा थोरला त्यातलाच. चाळिशी ओलांडलेला बाप्या, पण आईच्या जिभेला असा घाबरतो की विचारू नका. त्याच्या भित्रेपणापायी एका धडधाकट बाईने, आपण आता आंधळी होणार, अशी हाय खाल्ली. आणि दूषण कुणाला? तिच्या डोळ्यांना!

मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. माझी बाई, म्हणजे थोरल्याची आई, कपडे शिवते. शाळेची पायरी जेमतेम चढलेली, पण वस्तूची पारख अशी की दुकानदाराला घाम फुटावा. मला घ्यायला आली, तेव्हा दुकानदार भलतीच दांडगी दुर्बीण पुढे करत होता.

"ही न्या बाई. बारापट मोठं दिसतं."

बाईने ती डोळ्यांना लावली. समोरच्या छपरावरची चिमणी नुसती थरथरत होती.

"चिमणीला हिव भरलंय का हो?"

"नाही, तुमचा हात हलतोय. जितकं मोठं दिसतं, तितकं हलतंही मोठं."

"मग ते मोठेपण काय चुलीत घालू?"

आणि तिने मला उचललं. मी आठपटच दाखवते, पण ऐसपैस दाखवते. उडतं पाखरू हुडकायला ऐसपैस नजरच लागते. तिने मला चष्म्यासकट लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, हात अवघडेपर्यंत धरून पाहिलं. "ही मिरवणारी नाही, कामाची आहे," म्हणाली. झालं. मी त्या घरची झाले.

घरामागे तळं आहे. शिवणयंत्रावर बसण्याआधी बाई मला घेऊन मागच्या सज्जात उभी राहायची. बगळे, पाणकावळे, तारेवरचा खंड्या, सगळे आमच्या ओळखीचे. बघून झालं की मऊ फडक्याने माझी भिंगं पुसायची, तीही आधी धूळ फुंकून. माझ्या नजरेत खोट काढणारा अजून जन्माला यायचाय, असा माझा तोरा होता.

तो तोरा थोरल्याने उतरवला. जवळच्या मैदानावरचा सामना बघायला त्याने आईला न विचारता मला गच्चीवर नेलं. पट्टा गळ्यात घालायचा कंटाळा. कुणीतरी चेंडू उंच मारला, याने टाळी वाजवली, आणि मी जिन्याच्या पायरीवर! त्याने मला उलटसुलट पाहिलं. काच फुटली नव्हती. "सुटलो," म्हणाला आणि मला पेटीत ठेवून दिलं. पण माझ्या पोटातली काच सरकली होती. माझी एक नळी पूर्वेला बघू लागली, तर दुसरी जराशी पश्चिमेला.

दुसऱ्या दिवशी बाईला तारेवर दोन खंड्या दिसले. तिने डोळे चोळले. पुन्हा दोनच. मग डोकं ठणकू लागलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "डोळे छान आहेत." ती घरी येऊन म्हणाली, "माझं मन राखायला बोलले ते." मनात एकदा किडा शिरला की सरळ शिवणही वाकडी दिसते. लोकांचं कापड बिघडायला नको म्हणून तिने आपली कात्री सुनेच्या हातात दिली. रस्ता ओलांडताना नातीचा हात धरू लागली. थोरला सगळं बघत होता. जेवताना मान खाली घालत होता. मला तोंड असतं, तर त्याच्या ताटापाशी जाऊन ओरडले असते.

शेवटी त्याचं मन त्याला खाऊ लागलं, पण तरीही जीभ उचलेना. म्हणाला, "आई, ही जुनी झाली. नवी घेऊ या."

"आंधळीला आरसा कशाला रे?" बाई म्हणाली. तरी गेली. मलाही नेलं.

दुकानदाराने एक नवी दुर्बीण तिच्या हातात दिली. समोरच्या पाण्याच्या टाकीवर घार बसली होती. बाईने पाहिलं. घार एकच होती. तिने मला डोळ्यांना लावलं. दोन घारी. पुन्हा नवी. एकच.

दुकानदाराने मला घेऊन पाहिलं. "बाई, ही कुठे पडली होती का? दुरुस्त होईल, पण आपटलीय जोरात."

बाईने थोरल्याकडे पाहिलं. तो कपाटातल्या पिशव्या बघत होता.

"काच फुटली नव्हती गं आई," तो पुटपुटला. "तू ओरडशील म्हणून..."

मित्रांनो, पट्टा आधी गळ्यात घाला, मग दुर्बीण उचला. तरी पडलीच, तर त्याच दिवशी सांगा. माझं सांगणं एवढंच. बाईचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. भर दुकानात ती त्याला म्हणाली,

"पाडलीस म्हणून ओरडले असते आणि संध्याकाळी विसरलेही असते. पण आई आंधळी झाली तरी चालेल, आईची बोलणी नकोत, असं तुला वाटलं! इतका भित्रा नाही रे वाढवला मी तुला. नवी बिवी काही नको, हिलाच दुरुस्तीला टाक. आणि घरी गेलास की बायकोकडून माझी कात्री मागून आण. का परत मागतोस, तेही तूच सांगायचं. मी दारात उभी राहून ऐकणार आहे."